इंग्लंडमधील दगडी वाड्यांची वाटणी

दक्षिणेकडील डॉर्सेटपासून ईशान्येस लिंकनशायरपर्यंत इंग्लंडच्या भूमीतून चुनखडीच्या दगडाचा जो तिरपा पट्टा गेला आहे, त्यावर आणि त्याच्या आसपास तेथील सरदार-जमीनदारांनी सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत बांधलेले शेकडो वाडे आजही उभे आहेत. परंतु त्यांपैकी कित्येकांच्या दाराशी जाऊन पाहिले, तर एकाच घराण्याच्या कोरीव कुलचिन्हाखाली निरनिराळ्या बिऱ्हाडांच्या घंटांची बटणे ओळीने बसविलेली आढळतात. मूळ घराणे एक तर नामशेष झालेले असते, किंवा आपल्याच वाड्याच्या एका अंगाला इतर बिऱ्हाडकरूंच्या शेजारी राहत असते. या स्थितीकडे पाहण्याच्या दोन दृष्टी तेथील जाणत्या मंडळींत गेली पन्नास वर्षे परस्परांशी झगडत आल्या आहेत. एका पक्षाच्या मते वाडा ही एकसंध कलाकृती असल्यामुळे तिचे हिस्से पाडणे म्हणजे सावकाशीने केलेला विध्वंसच होय. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, जे घर चालविण्यास चाळीस नोकर लागत ते एका कुटुंबाच्या आवाक्यातले आता राहिलेले नाही, आणि वाटणी नाकारणाऱ्यास शेवटी कुदळवाल्यांनाच बोलवावे लागते. माझ्या मते दोन्ही पक्ष बिऱ्हाडांच्या संख्येत नको तितके गुंतले आहेत. वाटणीची रेघ कोठून गेली आणि वाटणीनंतर छपराचा भार कोणाच्या शिरी राहिला, हे दोन प्रश्न संख्येहून अधिक निर्णायक आहेत; त्यांतील पहिला वास्तुविशारदाच्या कक्षेतला असून दुसरा सर्वस्वी वकिलाच्या दप्तरातला आहे, आणि या विषयावरील लिखाणात पहिल्याची जितकी चर्चा होते तितकी दुसऱ्याची होत नाही.

ही पाळी का आली, हा इतिहास पुष्कळांनी लिहिलेला असल्यामुळे थोडक्यात आटोपता येईल. १८७० नंतर अमेरिकेच्या स्वस्त धान्यापुढे इंग्लंडची शेती कोसळली आणि जमिनीच्या खंडावर पोसले जाणारे वाडे पोरके झाले. १८९४ साली अधिकांत अधिक शेकडा ८ असलेला वारसाकर १९१९ मध्ये शेकडा ४० आणि दुसऱ्या महायुद्धानंतर शेकडा ८० पर्यंत चढला. पहिल्या महायुद्धाने वारस नेले, दुसऱ्याने वाड्यांत पलटणी आणून बसविल्या. १९५५ च्या आसपास तर दर पाच दिवसांस एक वाडा जमीनदोस्त होत असे. नॅशनल ट्रस्टने १९३७ च्या कायद्यान्वये वाडे स्वीकारण्याची योजना आखली खरी, परंतु वाड्याबरोबर त्याच्या निर्वाहापुरती मिळकतही मिळावी असा त्या संस्थेचा रास्त आग्रह असल्यामुळे, ज्यांना मदतीची सर्वांत अधिक गरज होती असे कर्जबाजारी मालकच या योजनेबाहेर राहिले. १९७४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात रॉय स्ट्राँग, मार्कस बिनी आणि जॉन हॅरिस यांनी नष्ट झालेल्या वाड्यांचे प्रदर्शन भरविले, आणि त्या धक्क्यातून पुढल्याच वर्षी बिनी यांनी ‘सेव्ह ब्रिटन्स हेरिटेज’ ही संस्था काढली. पाडापाडीला लोकमताचा अटकाव झाला तो तेव्हापासून. पण वाडा पाडायचा नाही हे ठरल्यावर त्याचे करायचे काय, हा प्रश्न शिल्लकच होता.

वाटणीचे गुणदोष समजण्यासाठी वाड्याची मूळ घडण ध्यानी घ्यावी लागते. अठराव्या शतकातील सामान्य नमुना असा की, खाली ठेंगणा तळमजला कोठारे व नोकरचाकर यांच्यासाठी, त्यावर उंच छताची दालने, दिवाणखाना, भोजनगृह व ग्रंथशाळा, त्यावर शयनगृहे, आणि अगदी वर, छपराच्या उतारात, दासींचे माळे. स्वयंपाकघर वासाच्या आणि आगीच्या भयाने एका बाजूच्या पंखात काढून ठेवलेले, तर पागा दुसऱ्या पंखात. धन्याच्या प्रशस्त जिन्याखेरीज नोकरांचा अरुंद जिना निराळा, त्यांचे दार निराळे, त्यांच्या वाटा भिंतीआडून गेलेल्या. अर्थात एका वाड्याच्या पोटात प्रारंभापासूनच दोन घरे नांदत होती, आणि पुढे ज्यांनी वाटणी शहाणपणाने केली, त्यांनी या जुन्या दुफळीचाच आधार घेतला.

दगडी बांधकामाचा स्वभावही येथे विचारात घेतला पाहिजे. बाहेरून घडीव दिसणारी भिंत बहुधा आतून अनघड दगड आणि चुना यांनी भरलेली असते; तिची जाडी दोन-तीन फुटांपर्यंत जाते; आणि आतील मुख्य भिंतींतून शेगड्यांची धुराडी वर गेलेली असल्यामुळे त्याही भरभक्कम असतात. तक्तपोशी मात्र सगळी लाकडाची: तुळया, त्यांवर फळ्या, खालून पातळ पट्ट्यांवर केलेला गिलावा, आणि मधल्या पोकळीत आवाज दबावा म्हणून भरलेली राख, वाळू किंवा कोठे कोठे शिंपलेसुद्धा. यावरून उघडच आहे की, असा वाडा भिंतीच्या रेषेने तोडला तर शेजाऱ्याचा आवाज आणि आग ही दोन्ही दगडच अडवितो. परंतु मजल्यामजल्याने तोडला, तर वरच्याच्या पावलांखाली खालच्याने आयुष्य काढायचे असते. उभी वाटणी आणि आडवी वाटणी यांतील हा भेद या साऱ्या विषयाचे मर्म आहे.

आडव्या वाटणीचा सर्वांत प्रसिद्ध, आणि आपल्याकडील प्रवासीही हटकून पाहतात असा नमुना बाथ शहरातील रॉयल क्रेसेंट होय. धाकट्या जॉन वुडने १७६७ ते १७७५ या काळात अर्धचंद्राकृती रांगेत तीस घरे बांधविली; समोर आयोनिक पद्धतीचे ११४ स्तंभ आणि एकाच धाटणीचा सोनसळी दगड, त्यामुळे ती तीस घरे एखाद्या राजवाड्याचे दर्शनी अंग असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात वुडने फक्त पुढची भिंत ठरवून दिली आणि तिच्यामागे प्रत्येक खरेदीदाराने आपापल्या कारागिराकडून मनाजोगे घर बांधून घेतले. म्हणून मागच्या गल्लीत जाऊन पाहणाऱ्याला उंची, खिडक्या आणि छपरे यांचा मनमुराद गोंधळ दिसतो. ही पाठमोरी बाजू अवश्य पाहावी. पुढच्या बाजूइतकीच ती शिकविते. या तीस घरांपैकी एक संग्रहालय झाले, मधल्या भागात हॉटेल आले, सुमारे दहा अखंड राहिली आणि अठरांच्या आसपास घरांची बिऱ्हाडे झाली. नगरगृह अरुंद व उंच असल्यामुळे तेथे मजल्यागणिक वाटणीवाचून गत्यंतर नसते, हे मान्य केले पाहिजे. परंतु जुन्या काळी अशा वाटण्या करताना दिवाणखान्याच्या मध्यातून पडदी उभी करणे, छताच्या नक्षीचे अर्धे फूल या खोलीत व अर्धे त्या खोलीत ठेवणे, उंच खिडकी मधोमध दुभागणे, असे अत्याचार इंग्लंडच्या अनेक शहरांतून सर्रास झाले. १९४७ च्या नगररचना कायद्याने ऐतिहासिक इमारतींची यादी करण्यास प्रारंभ झाला आणि १९६८ च्या कायद्याने यादीतील घराच्या अंतर्भागातदेखील परवानगीवाचून फेरफार करण्यास मनाई झाली, तेव्हा कोठे हा प्रकार आटोक्यात आला.

सरकारी परवानगीचा अंमल कधी कधी विनोदी थरालाही जातो. १९७० च्या दशकात रॉयल क्रेसेंटमधील एका गृहस्वामिनीने आपले दार पिवळे रंगविले म्हणून नगरपालिकेने तिच्यावर नोटीस बजावली. प्रकरण थेट मंत्र्यापर्यंत गेले आणि फैसला दाराच्या बाजूने लागून ते पिवळेच राहिले. तिकडे दाराच्या रंगासाठी एवढी लढाई चालू असता, मागील शतकभरात आतल्या किती दालनांची चिरफळी उडाली असेल याचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही. आजचे बांधकामाचे नियम रूपांतरित बिऱ्हाडांमधील भिंतीने व तक्तपोशीने ४३ डेसिबल इतका आवाज अडवावा अशी अपेक्षा धरतात. तीन फुटी दगडी भिंतीला ही परीक्षा म्हणजे काहीच नव्हे. पण लाकडी तक्तपोशीला ती उतरवायची तर एकतर वरची जमीन उंचवावी लागते किंवा खालचे छत खाली आणावे लागते, आणि पहिल्याने दारे व शेगडीचे चौथरे बिघडतात तर दुसऱ्याने गिलाव्याची नक्षी झाकली जाते. ऐतिहासिक घरांना या नियमांत काही सूट आहे, तरी आडव्या वाटणीत शेजारधर्म आणि वास्तुधर्म यांचा असा झगडा अटळच असतो.

खेड्यातील प्रशस्त वाड्याला ही अडचण नाही, हे कृतीने दाखवून देण्याचे श्रेय किट मार्टिन यांना दिले पाहिजे. लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलचे प्रमुख वास्तुविशारद लेस्ली मार्टिन यांचे ते चिरंजीव. पित्याने काँक्रीटमधून नवी वास्तुकला उभी केली आणि पुत्राने मोडकळीस आलेल्या जुन्या दगडांत आयुष्य वेचले. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी नॉर्दम्प्टनशायरमधील डिंगली हॉल हातात घेतला, तेव्हा सोळाव्या शतकातील काही भाग आणि १६८० च्या दशकातील अभिजात धाटणीचे अंग यांचे मिश्रण असलेला तो वाडा जवळजवळ भग्नावस्थेला पोचला होता. तेथे आणि पुढच्या अनेक वाड्यांत त्यांनी जो शिरस्ता घातला तो असा: वाटणी शक्यतो उभी करावी, म्हणजे प्रत्येक बिऱ्हाडाला जमिनीवर स्वतःचे दार, स्वतःचा जिना आणि स्वतःचा माळा मिळतो, भव्य दालनाला कधी पडदी घालू नये, ते सबंधच एका हिश्शात द्यावे, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर नोकरांच्या जुन्या लहान खोल्यांत बसवावे, नवे बोळ आणि लिफ्ट टाळावे, आणि पागा, दुग्धालय, माळ्यांची घरे यांचीही बिऱ्हाडे करावीत, म्हणजे पैशाच्या जुळणीसाठी मुख्य वाड्यात गर्दी करण्याचा मोह होत नाही. भोवतालचे उद्यान मात्र अविभक्त ठेवावे, त्यात कोणी कुंपण घालू नये. इमारतीला तिच्या अंगभूत सांध्यांवर तोडल्यास ती आपोआप घरांत मोकळी होते, ही त्यांची श्रद्धा होती, आणि बहुतेक ठिकाणी ती खरी ठरली.

रटलंडमधील बर्ली-ऑन-द-हिल या वाड्यात या पद्धतीचे फळ स्पष्ट दिसते. दुसऱ्या अर्ल ऑफ नॉटिंगहॅमने, म्हणजे डॅनियल फिंचने, १६९० च्या दशकात बांधावयास घेतलेला हा वाडा स्तंभांच्या विशाल वक्र रांगांनी आपल्या पागांशी जोडलेला आहे. १९८० च्या दशकाअखेर असिल नादिर या उद्योगपतीने तेथे मोठे हॉटेल उभारण्याचा घाट घातला होता. १९९० मध्ये त्याची पॉली पेक कंपनी बुडाली आणि बेतही बुडाला. त्यानंतर मार्टिन यांनी एवढ्या प्रचंड मुख्य इमारतीत अवघी सहा घरे केली आणि बाकीची बिऱ्हाडे पागा व उपगृहे यांत सामावली. समोरून पाहणाऱ्याला वाटणीची खूणही सापडत नाही. वॉरिकशायरमधील स्टोनली ॲबे येथे आणखी निराळी तजवीज झाली: बाराव्या शतकातील सिस्टर्शियन मठ, १५६१ पासून ली घराण्याचे वास्तव्य, आणि वॉरिकच्या फ्रान्सिस स्मिथने १७१४ ते १७२६ या काळात उभारलेले पश्चिमेचे भव्य अंग, अशा या संमिश्र वास्तूत १९६० साली आग लागली. पुढे विश्वस्त मंडळाने ती ताब्यात घेऊन काही अंगांत बिऱ्हाडे केली आणि १८०६ मध्ये जेन ऑस्टिनने पाहिलेली मुख्य दालने लोकांसाठी खुली ठेवली. खाजगी आणि सार्वजनिक यांची सांगड घालणारा हा मार्ग मला सर्वांत समंजस वाटतो.

एक प्रकारचा वाडा मात्र उभ्या वाटणीलाही सहज वश होत नाही: ज्याच्या केंद्रस्थानी एक अद्वितीय अवकाश आहे आणि बाकीचे सारे घर त्याभोवती गुंफलेले आहे, तो. विल्टशायरमधील न्यू वॉर्डर कॅसल हे त्याचे उदाहरण. आठव्या लॉर्ड अरुंडेलसाठी जेम्स पेनने १७६९ ते १७७६ मध्ये हा वाडा रचला. त्याच्या पोटात घुमटाखालचा एक वर्तुळाकार जिना आहे: दोन सोपान समोरासमोर निघून भिंतीला बिलगून वर चढतात, पायऱ्यांचे एक टोक भिंतीत रोवलेले आणि दुसरे अधांतरी, वर कोरिंथियन स्तंभांचा सज्जा आणि त्याहून वर घुमटाच्या छिद्रातून येणारा उजेड. असा जिना दहा जणांत कसा वाटणार? १९४४ मध्ये शेवटचा लॉर्ड निवर्तला, १९६० ते १९९० तेथे मुलींची शाळा होती, आणि त्यानंतर वाड्याची दहा बिऱ्हाडे झाली; मुख्य दालनांचे बिऱ्हाड जॉन पॉसन या अल्पभूषणवादी वास्तुविशारदाने सजविले. जिना अभंग राहिला, पश्चिम पंखातील कॅथलिक प्रार्थनामंदिर स्वतंत्र विश्वस्तांकडे गेले. वाटणी करणाऱ्याने येथे दाखविलेला संयम प्रशंसनीय आहे. तथापि पेनच्या रचनेत जिन्यावरून निघून दालनादालनांतून फिरून पुन्हा जिन्याशी येण्याचा जो क्रम होता, तो आता कोणत्याही एका रहिवाशाला अनुभवता येत नाही. वाटणीची किंमत म्हणतात ती हीच. भिंती शाबूत राहतात, पण घरातून हिंडण्याचा जुना मार्ग तुटतो.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. दगडी वाड्याचा खरा शत्रू पाणी. घडीव दगडाच्या कठड्यामागे दडलेल्या शिशाच्या पन्हळी पाचोळ्याने तुंबल्या की पाणी तुळयांच्या टोकांशी झिरपते आणि लाकूड कुजू लागते. भिंतीतील लोखंडी आकडे गंजून फुगले की दगड फुटतो. आणि दरजांत चुन्याऐवजी सिमेंट भरले, तर भिंतीतील ओल दरजेतून बाहेर न पडता दगडातून वाट काढते व थंडीत गोठून त्याचे पापुद्रे सोडविते. कॉलीवेस्टनसारख्या दगडी कौलांचे छपर, ज्यात वळचणीला मोठी आणि माथ्याकडे लहान होत जाणारी कौले बसवितात, ते तर जाणत्या कारागिराशिवाय हाती धरताच येत नाही. ही सर्व कामे खर्चाची आहेत, आणि पन्हळ चार बिऱ्हाडांच्या डोक्यावरून जात असेल, तर तिचा खर्च कोणी सोसायचा?

या ठिकाणी इंग्लंडच्या कायद्यातील एक जुनी अडचण आडवी येते. पूर्ण मालकीने विकलेल्या मिळकतीवर, अमुक करू नये असा निर्बंध पुढील खरेदीदारावरही चालतो. परंतु अमुक करावे, पैसे खर्चावे, डागडुजी ठेवावी, असा करार मूळ लिहून देणाऱ्यापुरताच राहतो. वॉलफर्ड हाऊस या घराची १९६० साली वाटणी झाली, तेव्हा विभक्त केलेल्या कॉटेजवर घराच्या छपराचा काही भाग येत असल्यामुळे, तो भाग वाऱ्यापावसापासून सुरक्षित ठेवण्याची हमी मालकाने आपल्या व आपल्यानंतरच्या मालकांच्या वतीने लिहून दिली. पुढे दोन्ही घरे विकली गेली, छपर गळू लागले, आणि कॉटेजवाल्यांनी दावा लावला. १९९४ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की, नव्या मालकावर ही हमी बंधनकारक नाही. शतकाहून जुना नियम आता मोडला तर असंख्य खरेदीखते डळमळतील, असे लॉर्ड टेम्पलमन यांचे म्हणणे पडले. ज्यांनी वाटणीपत्र विश्वासाने केले होते त्यांच्या दृष्टीने हा न्याय कठोर होता. पण त्याने एक गोष्ट लख्ख केली, ती ही की नुसत्या सद्भावनेने छपर टिकत नाही.

म्हणूनच वाड्यांतील बिऱ्हाडे बहुधा ९९, १२५ किंवा ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली जातात. पट्टेदारावर डागडुजीच्या वर्गणीचे बंधन पिढ्यान्‌पिढ्या चालू राहते, आणि मूळ मालकी बहुतेक वेळा रहिवाशांच्याच एका कंपनीकडे ठेवतात. यातही कटकटी आहेत. एखाद्या पट्टेदाराच्या वाट्याला २५० पौंडांहून अधिक खर्च येणार असेल, तर काम काढण्यापूर्वी सर्वांचा विचार घेण्याची सक्ती १९८५ च्या कायद्याने आहे. आणि कंपनी परक्याच्या हाती असली की वर्गणीचे आकडे फुगतात, अशी ओरड सर्वत्र ऐकू येते. १९६७ च्या कायद्याने पट्टेदाराला आपले ‘घर’ मालकीने विकत घेण्याचा हक्क दिला, परंतु तो उभ्या वाटणीतल्या हिश्शाला मिळू शकतो, आडव्या वाटणीतल्या मजल्याला नाही. मजलेवाल्यांना सामुदायिक खरेदीचा हक्क मिळण्यास १९९३ साल उजाडावे लागले. गवंड्याने जो भेद दगडात पाहिला, तोच कायदेपंडितांनी कलमांत पाहिला. २००२ च्या कायद्याने ‘कॉमनहोल्ड’ या नावाने सामायिक मालकीची एक स्वच्छ पद्धत उपलब्ध करून दिली, तिचा उपयोग मात्र फारच थोड्यांनी केला.

पट्ट्याऐवजी संस्थेवर विसंबण्याचाही एक प्रयोग झाला. १९५० च्या दशकाच्या मध्यास ॲडमिरल ग्रेटहेड यांच्या पुढाकाराने म्युच्युअल हाऊसहोल्ड्स असोसिएशन निघाली. तिने वाडे घेऊन त्यांत निवृत्त लोकांसाठी लहान बिऱ्हाडे केली, दिवाणखाने व भोजनगृह सामायिक ठेवले, आणि ठरावीक दुपारी लोकांनाही आत येऊ दिले. नॉर्दम्प्टनशायरचा एन्हो पार्क तिच्याकडे आला तो दुर्दैवी रीतीने: १६१५ पासून तेथे नांदणाऱ्या कार्टराइट घराण्यातील पिता-पुत्र १९५४ मध्ये एकाच मोटार अपघातात गेले. जॉन सोनने फेरघडण केलेल्या त्या दालनांत पुढे कित्येक दशके वृद्ध मंडळींचे चहापान चालले. परंतु रहिवाशांची मालकी नव्हती. २००३-०४ च्या सुमारास संस्था बरखास्त झाली, म्हाताऱ्यांना बिऱ्हाडे सोडावी लागली, आणि वाडा एका धनिकाने घेऊन पुन्हा एकसंध केला. वास्तूच्या दृष्टीने ही सुटका असेल. माणसांच्या दृष्टीने ती सुटका नव्हती.

या सर्व उद्योगाने वाडे श्रीमंतांच्या हातून श्रीमंतांच्याच हाती गेले, हा आक्षेप खोटा नाही, आणि यांतील काही वाड्यांच्या दगडांवर परमुलखातील पैसा खर्च झाला आहे हेही भारतीय वाचकाने विसरू नये. बाथच्या दगडाचा बॅसिल्डन पार्क बांधणारा फ्रान्सिस साइक्स बंगालमध्ये कंपनीच्या चाकरीत धनवान झाला होता. परंतु वास्तू उभी राहिली तरच तिचा जाब विचारता येतो, म्हणून मी वाटणीच्या पक्षाला मत देतो, आणि उभ्या वाटणीला विशेष.

या पक्षाचे सर्वांत मोठे नुकसान आज सरकारी करव्यवस्था करीत आहे. यादीतील वाड्यात परवानगीने केलेल्या फेरफारावरील मूल्यवर्धित कराची माफी ऑक्टोबर २०१२ पासून रद्द झाली. दुरुस्तीवर तर माफी कधी नव्हतीच. त्यामुळे मोकळ्या रानात नवे घर बांधणाऱ्यास हा कर शून्य, वाड्याची बिऱ्हाडे करणाऱ्यास शेकडा ५, आणि बिऱ्हाडे झाल्यावर त्याच वाड्याचे गळके छपर दुरुस्त करणाऱ्या रहिवाशांना शेकडा २० भरावा लागतो. पार्लमेंटने दुसरे काही केले नाही तरी चालेल, पण हा शेवटचा आकडा पहिल्याच्या बरोबरीस आणावा.